पॉईंटाच्या पुढचा माल

डिंगोऱ्याच्या साळुबाईला कुणी चिकट म्हणालं, असं शोधूनही सापडायचं नाही. फटकळ म्हणा, हट्टी म्हणा, भांडखोर म्हणा, ती स्वतःच हसून मान डोलावील. पण चिकट? छे! दारात वाटीभर ताक मागायला आलेली बाई तांब्या भरून घेऊन जायची. किलोभर वांगी मोजली की वर एक वांगं जास्तीचं पडलंच. "वरचं कोण मोजतंय, राव!" हे तिचं ठरलेलं वाक्य. बाजारात याला कडता म्हणतात. माप भरलं की त्याच्यावर जे चार-दोन उरतं, ते घेणाऱ्याच्या पदरात सोडून द्यायचं. जो उरलेलं मोजत बसतो त्याला आमच्याकडं कुणी माणसात धरत नाही. आणि ऐका, याच मोठ्या मनापायी ही बाई एकदा अशी काही तोंडघशी पडली, की पुन्हा उठेल असं गावाला वाटलं नव्हतं.

ती ओतूरकडची. लग्न होऊन डिंगोऱ्यात आली ती सावळेरामच्या घरी. सावळेराम म्हणजे देवमाणूस, कष्टाला वाघ; पण बाजारात उभं राहिलं की त्याच्या घशातनं शब्द फुटायचा नाही. दोन-तीन हंगाम साळुबाईनं हे बघितलं. मग एक दिवस पदर खोचला आणि टोमॅटोच्या क्रेटांबरोबर स्वतःच पिकअपमध्ये चढली, ती थेट नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उतरली. पहिल्या दिवशी पुरुष हसले. आठवडाभरात हसू बंद झालं. पुढं पुढं तर तिच्या मालाचं क्रेट कुणी पालथं करून बघायचं नाही. साळुबाईचा माल म्हणजे वर जसा, तसाच खाली.

दोनेक वर्षांमागं टोमॅटोचा भाव असा कोसळला की तोडणीसुद्धा परवडेना. रानंच्या रानं लाल होऊन तशीच राहिली. बांधावर उभं राहून ती ते बघत होती, तेव्हा तिला रडू आलं नाही. तिला राग आला. "येवढं सोन्यासारखं पीक वेलावर सडतंय आन् आपण हातावर हात धरून बसलोय!" त्या रागाच्या भरातच ती फळं-भाज्या टिकवायच्या सरकारी प्रशिक्षणाला जाऊन आली, गावातल्या बाया गोळा केल्या, आणि टोमॅटोची प्युरी करून काचेच्या बाटल्यांत भरायचा उद्योग काढला.

जागा मिळाली ती गेणभाऊंच्या शेडात. गेणभाऊ म्हणजे तिचे चुलत दीर, गावातलं वजनदार माणूस, आणि बायांच्या उद्योगाची टिंगल करण्यात पटाईत. रस्त्याकडेचं त्यांचं शेड रिकामं पडलं होतं. ते त्यांनी दिलं, पण चारचौघांत अट घालून. "वयनी, दिवाळीपत्तुर तुमचा माल एकाद्या मोठ्या गिऱ्हाइकानं उचलला, तर शेड तुमचं. न्हाई उचलला, तर पाडव्याला मी तितं म्हशी बांधणार. मग रडायचं न्हाई."

"म्हशींना दुसरं घर बघून ठिवा," साळुबाई म्हणाली.

आता त्या प्रशिक्षणात काय झालं, ते सांगायलाच हवं. तिथं पीएच शिकवला. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, पण उलटं: आकडा जितका लहान, तितका आंबटपणा जास्त. प्युरीचा आकडा ४.६ च्या खाली पाहिजेच पाहिजे. वर गेला तर बंद बाटलीत एक जंतू वाढतो आणि विष तयार करतो. वास येईलच असं नाही, चव बदलेलच असं नाही, पण खाणारा मरणाच्या दारात जातो. हे ऐकताना साळुबाईच्या अंगावर काटा आला होता. घरी येताना तिनं मनाशी पक्कं केलं: चार चांगला, पाच वाईट. झालं! एवढी ध्यानात ठेवायची गोष्ट.

पेनासारखं एक मीटर आणलं. कढईतली पळीभर प्युरी वाटीत काढून गार करायची, मीटर बुडवायचं, आकडा बघायचा. आकडा यायचा ४.३, कधी ४.२, कधी ४.४. चवीला आंबट कमी वाटलं तर लिंबू पिळायचं. आणि मग साळुबाई मार्कर घेऊन त्या कढईच्या बाटल्यांच्या झाकणांवर लिहायची: ४. शेजारी टोमॅटो कुणाच्या रानातले, त्याचं नाव.

तिची सून हर्षाली बारावी सायन्स झालेली. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आत्या, पॉईंटाच्या पुढचं लिहायचं न्हाई का?"

"अगं चार पुरता भरलाय न्हवं? वरचं कोण मोजतंय! पाच लिवायची येळ आली तर सांग."

सासूच्या तोंडाला लागायची हर्षालीची छाती नव्हती. ती बाटल्या पुसायला वळली.

दिवाळी तोंडावर आली, तसं गिऱ्हाईकही दारात आलं. पुण्यात मुलींच्या वसतिगृहांना जेवण पुरवणारी एक कंपनी होती. तिला वर्षभर प्युरी लागायची. माल तपासायला त्यांनी धाडली ती सफा. जुन्नरच्या तन्वीरभाई कल्हईवाल्यांची पोरगी, अन्नप्रक्रियेचं शिक्षण घेतलेली. साळुबाईच्या घरची पितळेची भांडी तन्वीरभाईंकडंच कल्हईला जायची, आणि लहानपणी ही सफा तिथं भट्टीजवळ फतकल मारून बसलेली असायची. स्कूटीवरनं तिला उतरताना बघून साळुबाईचा जीव भांड्यात पडला. घरचीच पोर आली म्हणायची!

सफानं पांढरा कोट चढवला आणि सगळं बघितलं. चूल बघितली, बाटल्या उकळायचं पातेलं बघितलं, बायांच्या डोक्यावरचे बांधलेले रुमाल बघितले. "मावशी, स्वच्छता एक नंबर आहे," ती म्हणाली. बाया लाजल्या. गेणभाऊ दारात खुर्ची टाकून तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मळायचं थांबवलं.

मग सफा बाटल्यांच्या रांगांपाशी गेली. एका झाकणावर ४. दुसऱ्यावर ४. पुढच्या रांगेत ४. तिच्या कपाळावर आठी पडली.

"मावशी, हे सगळे चारच?"

"समदे! एक पाच सापडला तर नाव बदलीन," साळुबाई छाती फुगवून म्हणाली.

"पण चार पॉईंट किती?"

"ते वरचं सोडून दिलं."

"सोडून दिलं म्हणजे?"

"म्हंजे सोडलं, बाई! चार पॉईंट तीन आला, चार लिवलं. चार पॉईंट चार आला, चार लिवलं."

"आणि चार पॉईंट सात आला असता तर?"

साळुबाईनं एक बाटली उचलून झाकण निरखलं. मग म्हणाली, "चारच की."

सफानं ती बाटली परत रांगेत ठेवली. मग तिनं मान हलवली. "मावशी, मला हा माल घेता येणार नाही."

झालं! साळुबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "घेता येणार न्हाई? अगं ए पोरी, तुझ्या बाच्या भट्टीपाशी मी तुला शेंगा खायला दिल्यात! रातंदिस राबल्यात ह्या बाया! येका टिंबापायी तू आमच्या तोंडाला पानं पुसतीस?" ती बोलत होती आणि सफा खाली मान घालून ऐकत होती. दारातनं गेणभाऊंचा आवाज आला, "चला, म्हशींची दावी काढाया पायजेत." दोघी-तिघी बायांनी डोळ्याला पदर लावला.

सफानं एक क्रेट पालथं घातलं आणि त्याच्यावर बसली. "मावशी, ओरडून झालं असेल तर पाच मिनिटं ऐका. हा आकडा किलोसारखा नाही. किलोत आधी येतं ते मोठं आणि पॉईंटाच्या पुढं येतं ते किरकोळ. इथं उलटं आहे."

"उलटं कसं?"

"एका लिटरात आंबटपणाचा भाग किती, ते लिहायचं झालं तर फार बारीक आकडा येतो. शून्य पॉईंट शून्य शून्य करत जावं लागतं. पीएचमधला चार एवढंच सांगतो, की पॉईंटानंतर चार शून्यं आली. बास. त्या शून्यांच्या पुढं काय, ते चार सांगतच नाही. ते सांगतो पॉईंटाच्या पुढचा आकडा. ४.३ असेल तर चार शून्यांच्या पुढं पाच येतो. ४.७ असेल तर चार शून्यांच्या पुढं नुसता दोन. कुठं पाच, कुठं दोन! अडीचपट आंबटपणा. एकीकडची बाटली खायची, दुसरीकडची जीव घेणारी. आणि तुमच्या झाकणावर दोन्हीकडं चार."

तिनं फरशीवर खडूनं लिहून दाखवलं: ०.००००५. खाली: ०.००००२.

साळुबाई वाकून बघत राहिली. बाया तिच्याकडं बघत राहिल्या. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि त्याच्या जागी काहीतरी भलतंच दिसायला लागलं.

"म्हंजे..." ती सावकाश म्हणाली, "चार ही नुसती शून्यं. रिकामं क्रेट. आन् माल टिंबाच्या पुढं?"

"हो, मावशी. मोजण्याजोगं जे काही आहे ते सगळं टिंबाच्या पुढं."

"आन् मी माल सोडून दिला आन् रिकामं क्रेट मोजत बसले!" साळुबाईनं खाडकन कपाळावर हात मारून घेतला. "आगं माझे आई! जल्मभर बाजार केला आन् हितं येऊन येडी ठरले!" मग ती सुनेकडं वळली. "तू बोलली व्हतीस. तुजं ऐकलं न्हाई. चल, आता प्रत्येक कढईतली येक येक बाटली काढ. उघड समद्या. भावजी, तुमी बी आत या. दारातनं काय बघताय?"

सफानं पिशवीतनं आपलं मीटर काढलं. हे पॉईंटाच्या पुढं दोन आकडे दाखवणारं. आधी तिनं ते, ज्याचा पीएच आधीच ठाऊक आहे अशा पाण्यात बुडवून, खरं बोलतंय ना, हे तपासलं. मग पहिली बाटली. ४.२८. दुसरी. ४.३४. "आमच्या कंपनीची हद्द ४.४० आहे," सफानं सांगितलं. "४.६ पर्यंत जायचंच नाही, मधे अंतर ठेवायचं." तिसरी ४.३१. चौथी ४.२५. आकडा आला की हर्षाली मोठ्यानं वाचायची आणि बाया श्वास सोडायच्या. गेणभाऊंचं तोंड जरा वाकडं व्हायला लागलं होतं.

आणि मग एक बाटली आली. ४.७१.

हर्षालीनं वाचलंच नाही. सफानं मीटर धुतलं, पुसलं, पुन्हा बुडवलं. ४.७१.

साळुबाईनं झाकण उचलून नाव वाचलं. गेणभाऊ.

"माज्या मालाला नाव ठिवू नका!" गेणभाऊ उसळले. "लालभडक टोमॅटो व्हता माजा!"

"म्हणूनच, काका," सफा म्हणाली. "फार पिकलं की आंबटपणा उतरतो. तुमचा माल वाईट नव्हता. लिंबू कमी पडलं, आणि आकडा सोडून दिला."

एक बाई साळुबाईच्या कानाशी लागली. "आक्का, येकच कढई हाय. बाजूला ठिवू. घरची पोर हाय, तिनं बघितलंच न्हाई असं समजंल." सफाला ते ऐकू गेलं असणार, पण ती खिडकीबाहेर बघत होती.

साळुबाईच्या डोळ्यांसमोर एक ताट आलं. पुण्यातल्या कुठल्याशा वसतिगृहातलं. कुणाची तरी शिकायला गेलेली लेक, भुकेजलेली, लालभडक भाजीत भाकरी बुडवणारी. बाजारात भल्याभल्यांना न भिणारी ही बाई त्या एका बाटलीला भ्याली.

"खड्डा खणा," ती म्हणाली. "ह्या कढईची येक बी बाटली शिल्लक ठिवायची न्हाई. कुणाच्या घरी न्हाई, ढोरांना न्हाई, कुनाला न्हाई."

शेडामागं खड्डा झाला. पहिलं क्रेट तिनं स्वतः वाहिलं. चुन्यात, मातीत सगळं गाडून हात धुऊन आली, आणि सफाच्या समोर उभी राहिली. "आता बोल. पाडव्याला म्हशी का आमी?"

सफा उठून उभी राहिली. "मावशी, बाकीच्या कढयाही मी तपासल्या, सगळा माल बरोबर निघाला. पण मला नुसता बरोबर निघालेला माल नको, बरोबर काढणारा हात पाहिजे. माझ्यासमोर एक कढई करा. काही न सोडता. ४.४० च्या आत आली तर मी इथनंच साहेबांना फोन लावते."

"करते की!" साळुबाईनं पदर खोचला. "टोमॅटो कुणाचे घ्यायचे? भावजींच्याच रानातले आणा. वेलावर जे लई पिकलेत तेच आणा."

"आत्या!" हर्षाली घाबरली.

"आण म्हनते ना!"

मग जे झालं ते डिंगोऱ्यात अजून सांगतात. चूल पेटली. गेणभाऊंच्या रानातले गळायला आलेले टोमॅटो कढईत पडले, शिजले, गाळले, पुन्हा आटायला लागले. बातमी गावभर गेली आणि शेडाच्या दारात माणसं गोळा झाली. पळीभर रस वाटीत काढून, वाटी पाण्यात ठेवून गार करून, हर्षालीनं सफाच्या मीटरवर पहिला आकडा वाचला. ४.६८.

"लिंबू," साळुबाई म्हणाली.

४.५६.

"लिंबू."

४.४८. बाया लिंबं कापत होत्या, पिळत होत्या, गाळत होत्या. साळुबाई कढई ढवळत होती, तळापासून वरपर्यंत, सगळीकडं सारखं लागावं म्हणून. घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं.

४.४१.

दारात एकच गलका झाला. "आलं! आलं!" एक जण म्हणाला, "येकानं काय व्हतंय!" आणि गेणभाऊ, काय मनात आलं कुणास ठाऊक, आपुलकीनं का खोडी काढायला, पुढं सरसावून म्हणाले, "बास की वयनी. येक तर वर हाय. वरचं कोण मोजतंय!"

साळुबाईनं पळी थांबवली. सगळ्या शेडाकडं एकदा बघितलं.

"मी मोजते!" ती कडाडली. "लिंबू आन गं!"

लिंबू पडलं. ढवळलं. वाटी गार झाली. हर्षालीनं मीटर बुडवलं आणि तिच्या ओठांवर हसू फुटलं.

"चार पॉईंट तीन दोन!"

सफानं कढईच्या वेगवेगळ्या अंगानं रस घेऊन पुन्हा पुन्हा बघितलं. ४.३२. ४.३१. ४.३२. ती काही बोलायच्या आतच दारातली माणसं ओरडायला लागली होती.

हर्षालीला तर काय करू आणि काय नको असं झालं. तिनं मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला, आकडे दाबले आणि म्हणाली, "आत्या, आंबटपणाचा खरा आकडा बघा! ०.००००४७८६३००९२! झाकणावर सगळा लिहिते!"

"नको नको," सफा हसत सुटली. "मीटरनं टिंबाच्या पुढं दोन आकडे दिले ना? मग शून्यांच्या पुढं दोनच खरे. चार आणि आठ. ०.००००४८. त्याच्या पुढचे मीटरनं बघितलेच नाहीत, कॅल्क्युलेटरनं आपल्या मनानं घातलेत."

"म्हंजे दुधात पानी," साळुबाई म्हणाली. "खोड ते! जेवढं मोजलं तेवढंच लिव. आज सोडणार बी न्हाई आन् वरनं घालणार बी न्हाई."

तिनं मार्कर स्वतःच्या हातात घेतला. पहिल्या बाटलीच्या झाकणावर लिहिलं: ४.३२. टिंब तिनं असं ठळक काढलं की झाकणभर उमटलं. बाया टाळ्या पिटायला लागल्या. सफा फोन घेऊन बाहेर गेली. आत सगळ्यांचे कान तिकडं. ती परत आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरनंच कळलं, तरी साळुबाईनं तिला बोलायला लावलं.

"घेतला, मावशी. आहे तो सगळा, आणि पुढचा वर्षभराचा. फक्त प्रत्येक झाकणावर दोन आकडे, टिंबाच्या पुढं."

साळुबाईनं पोरीला मिठीत घेतलं ते सोडीचना. सफाच्या पांढऱ्या कोटाला टोमॅटोचे हात लागले, पण कुणाला त्याचं काय! सावळेराम कोपऱ्यात उभा होता. सबंध दिवसात तो बोलला नव्हता. आता त्याच्या तोंडून एकच वाक्य आलं, पण सगळ्या शेडाला ऐकू जाईल असं: "बायको कुणाची हाय!" हसता हसता बायांच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. माल चढवायला गावातली निम्मी माणसं होती, आणि सगळ्यात पुढं गेणभाऊ. क्रेट उचलून देताना ते झाकणांवरचे आकडे वाचायचे. चार पॉईंट दोन आठ. चार पॉईंट तीन चार. त्यांच्या नावाच्या झाकणांवर चार पॉईंट तीन दोन होतं. ते क्रेट त्यांनी कुणाला हात लावू दिलं नाही, स्वतः उचलून टेम्पोत ठेवलं.

टेम्पो वळणाआड गेला. बाया आत आल्या. गेणभाऊ त्यांच्या मागं शेडात आले आणि उगाच इकडं तिकडं बघत फिरले. चुलीपाशी थांबले, छताकडं बघितलं, पलीकडच्या बंद खोलीची भिंत हातानं ठोकून बघितली.

"वयनी," ते म्हणाले, "वर्षभराचा माल काढायचा म्हंजे दुसरी चूल लागंल. हितं जागा हाय कुटं? धूर कोंडतोय."

"मग?"

"मग काय? ही भिंत पाडू. पलीकडची खोली बी तुमचीच." त्यांनी आधीच दाराबाहेर आणून ठेवलेली कुदळ आत आणली आणि तिच्या पुढं धरली. "पहिला घाव तुमी घाला."

साळुबाईनं कुदळ घेतली. पाय रोवले, दम घेतला आणि असा घाव घातला की दोन विटा निखळून पलीकडं पडल्या.